प्रमाणपत्र मिळाले, पण रात्री दोन वाजता काय करायचे?

पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे साडेचारच्या सुमारास एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून तेरा वर्षांची मुलगी आमच्या रुग्णालयात आली. १०८ च्या गाडीत सिस्टर तिच्या तोंडावर मास्क धरून सगळी वाट अंबू बॅग दाबत आल्या होत्या. मुलीचा श्वास जवळजवळ थांबला होता. डोळे मिटलेले, मान टाकलेली. आई म्हणत होती, "डॉक्टर, हिला फक्त पोटात दुखत होतं हो."

मुलगी घरात जमिनीवर अंथरुणात झोपली होती. रात्री एकच्या सुमारास पोटात कळ आली म्हणून उठली. एकदा उलटी झाली. वडिलांनी मोटारसायकल काढली, तिला मध्ये बसवले आणि आरोग्य केंद्र गाठले. तिथे एक तरुण डॉक्टर एकटे ड्युटीवर होते. त्यांनी पोट तपासले, अंगावर कुठे काही खूण दिसली नाही. ॲसिडिटीचे इंजेक्शन दिले आणि तिला थोडा वेळ थांबवून ठेवले. तासाभरात तिच्या पापण्या जड झाल्या. झोपेची वेळ होती, त्यामुळे कोणाला वेगळे वाटले नाही. तोंडातली लाळ गिळता येईना, तेव्हा डॉक्टर दचकले. तो मण्यारचा दंश होता.

मुलगी वाचली. प्रतिविष दिले, काही दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, मग ती स्वतःच्या पायांनी घरी गेली. दोन दिवसांनी मी त्या डॉक्टरांना फोन केला. रागवायला नाही, काय झाले ते समजून घ्यायला. तीन महिन्यांपूर्वीच त्याने सर्पदंशावरचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला होता. परीक्षेत उत्तम गुण होते, प्रमाणपत्र मोबाइलमध्ये होते. तो म्हणाला, "सर, कोर्समध्ये मण्यार होती. मला पाठही होती. पण समोर पोटदुखी आली होती सर, साप आला नव्हता."

यावर मला बोलता येईना. कारण तो कोर्स मीच बनवला होता.

शिकवले काय, विचारले काय

सरकारी नोकरीत आम्हा डॉक्टरांवर अशी कामे येतात. वरून सूचना येते, अमुक विषयावर ऑनलाइन प्रशिक्षण तयार करा. मीही केले होते. माझ्याकडे वर्षानुवर्षांच्या व्याख्यानांच्या स्लाइड तयार होत्या. त्या जोडल्या, कॅमेऱ्यासमोर बसून वाचल्या, पाऊण-पाऊण तासाचे व्हिडिओ झाले. सुरुवात सापांच्या वर्गीकरणाने. मग विषातील घटक. मग नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची लक्षणे एकामागून एक. मग उपचार. शेवटी बहुपर्यायी प्रश्न. मला वाटले, काही सुटायला नको.

फोन ठेवल्यावर मी तो कोर्स पहिल्यांदाच शिकणाऱ्याच्या नजरेने उघडला. मण्यारच्या दंशाची खूण अनेकदा दिसत नाही, तो दुखत नाही, जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री होतो आणि कधी कधी रुग्ण फक्त पोटदुखी घेऊन येतो, हे सगळे त्यात होते. पण ते एका लांबलचक यादीतल्या ओळी म्हणून होते. परीक्षेतला प्रश्न होता: मण्यारचे विष शरीरातील कोणत्या भागावर परिणाम करते? त्या डॉक्टरने बरोबर उत्तर दिले होते. मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथे.

म्हणजे मी त्याला "मण्यार" हा शब्द देऊन लक्षणे विचारली. आयुष्यात मात्र रुग्ण लक्षणे घेऊन येतो आणि मण्यार आपल्याला ओळखायची असते. मी प्रश्न उलटा शिकवला आणि उलटाच विचारला. तो पोरगा माझ्या परीक्षेत पास झाला. नापास कोण झाले, ते पहाटे साडेचारला कळले.

ही चूक माझ्या एकट्याची असती, तर वर्तमानपत्राची जागा अडवली नसती. पण आज आरोग्य खात्यापासून शाळेपर्यंत, बँकेपासून पोलिसांपर्यंत सगळीकडे शिक्षण पडद्यावर गेले आहे. केंद्र सरकारचा 'स्वयम्' मंच २०१७ साली सुरू झाला. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, 'दीक्षा' मंचावर 'आयगॉट' सुरू झाले आणि डॉक्टर, परिचारिका, आशाताई, स्वयंसेवक अशा सगळ्यांसाठी तिथे धडे ठेवले गेले. ती वेळच तशी होती. एका खोलीत माणसे जमवणे शक्य नव्हते. ऑनलाइन नसते, तर शिकवताच आले नसते. मी ऑनलाइन शिक्षणाच्या विरोधात नाही. माझी तक्रार एवढीच आहे की, आपण फळा काढून पडदा लावला, पण शिकवण्याचा विचार बदललाच नाही.

उद्दिष्टांची ती पहिली स्लाइड

प्रत्येक कोर्सची पहिली स्लाइड उद्दिष्टांची असते. माझ्याही होती. "सर्पदंशाच्या व्यवस्थापनाचे सखोल ज्ञान देणे." "सर्पदंशाविषयी जागरूकता निर्माण करणे." वाचायला छान. पण सखोल ज्ञान झाले की नाही, हे कसे ओळखायचे? जागरूकता कोणत्या मापाने मोजायची?

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ साली याच विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे साधे होते. उद्दिष्टात तीन गोष्टी असाव्यात: शिकणारा काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि कितपत चांगले केले म्हणजे पुरेसे समजायचे. 'समजेल', 'माहीत होईल', 'जाणीव होईल' ही क्रियापदे दिसत नाहीत. 'ओळखेल', 'मोजेल', 'टोचेल', 'समजावून सांगेल', 'ठरवेल' ही दिसतात. त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या होत्या. आठवणे ही सगळ्यात खालची पायरी. समजणे, वापरणे, विश्लेषण करणे, निर्णय करणे या वरच्या. माझ्या कोर्सचे जवळजवळ सगळे प्रश्न तळाच्या पायरीवर बसलेले होते.

माझे उद्दिष्ट मी पुन्हा लिहिले, ते असे: "रात्री एकट्याने ड्युटीवर असताना, अचानक पोटदुखी किंवा घसादुखी घेऊन आलेला आणि जमिनीवर झोपलेला रुग्ण पाहिल्यावर वैद्यकीय अधिकारी, दंशाची खूण नसली तरी, मण्यारची शंका घेईल; त्याच्या पापण्या, गिळणे आणि मान दर थोड्या वेळाने तपासेल; विषाची लक्षणे दिसताच प्रतिविष सुरू करेल आणि सोबत श्वासाची तयारी ठेवून रुग्णाला पुढे पाठवेल."

वाक्य लांबले, बेढबही झाले. पण ते लिहिताच कोर्समधला अर्धा मजकूर आपोआप गळून पडला. विषातल्या घटकांची नावे या वाक्यात कुठेच बसत नव्हती. उद्दिष्ट स्पष्ट असले की काय शिकवायचे ते कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय शिकवायचे नाही, तेही कळते. आम्हा डॉक्टरांना हे दुसरे फार अवघड जाते. आपल्याला जे येते ते सगळे सांगावेसे वाटते.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला. प्रत्येक क्षमतेपुढे तिची पातळी लिहिलेली असते: विद्यार्थ्याला फक्त माहीत हवे, कसे करायचे ते माहीत हवे, करून दाखवता यायला हवे, की स्वतंत्रपणे करता यायला हवे. या शिडीमागे जॉर्ज मिलर या अमेरिकी वैद्यकशिक्षकांनी १९९० मध्ये मांडलेला पिरॅमिड आहे. तळाशी 'माहीत आहे', टोकाला 'प्रत्यक्ष करतो'. पण तोच विद्यार्थी डॉक्टर होऊन नोकरीला लागला की, त्याच्या पुढच्या प्रशिक्षणात ही शिडी कोणी विचारत नाही. तिथे पाऊण तासाचा व्हिडिओ आणि दहा प्रश्न.

मेंदू कसा शिकतो, हे आपल्याला ठाऊक आहे

शिकण्याच्या शास्त्राविषयी आपण फारसे बोलत नाही. जणू शिकवणे ही उपजत कला आहे. येते त्याला येते. पण औषधाचे जसे शास्त्र आहे, तसे शिकण्याचेही आहे आणि त्यातल्या काही गोष्टी खूप जुन्या आहेत.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करायची आणि किती विसरलो ते ठरावीक वेळाने मोजायचे. दिसले असे की, विसरणे सुरुवातीला भराभर होते, नंतर मंदावते. आणि एका बैठकीत रेटून पाठ करण्यापेक्षा अंतर ठेवून पुन्हा पाहिले तर लक्षात राहते. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. तरी मी एप्रिलमध्ये एकदाच कोर्स घेतला आणि ऑगस्टमध्ये डॉक्टरला आठवेल अशी अपेक्षा धरली.

दुसरी गोष्ट परीक्षेची. परीक्षा म्हणजे शेवटी मोजमाप, अशी आपली समजूत. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग पुस्तक मिटून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले, तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले, तर चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवले, नुसते वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के. म्हणजे आठवण्याचा प्रयत्न हेच शिकणे आहे. गंमत अशी की, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच वाटत होते की आपल्या चांगले लक्षात राहील. कोर्स संपल्यावर 'तुम्हाला कोर्स कसा वाटला?' या प्रश्नाला पाच तारे देणाऱ्यांवर म्हणूनच मी आता विसंबत नाही.

तिसरी गोष्ट डोक्यावरच्या ओझ्याची. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी १९८८ च्या सुमारास मांडलेला सिद्धांत सांगतो की, एका वेळी मेंदूच्या पाटीवर फार थोड्या नव्या गोष्टी मावतात. स्लाइडवर गच्च मजकूर आणि तोच मजकूर बोलून वाचणारा डॉक्टर, म्हणजे त्या छोट्याशा पाटीवर दोन हातांनी लिहिणे. वाचावे की ऐकावे, यातच शिकणारा दमतो. व्हिडिओच्या लांबीचेही तसेच. २०१४ मध्ये 'एडेक्स' या मंचावर ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदी तपासल्या गेल्या. लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच मन लावून पाहतात, असे त्यात दिसले. माझे व्हिडिओ पाऊण तासाचे होते. आरोग्य केंद्रातला डॉक्टर ते ओपीडी चालू असताना शेजारी लावून ठेवत असेल, तर मी त्याला दोष देत नाही. मीही इतरांचे कोर्स तसेच 'पाहिले' आहेत.

पुन्हा पाटी कोरी केली

नवा कोर्स करताना मी स्लाइडपासून सुरुवात केली नाही. आरोग्य केंद्रांतल्या काही डॉक्टरांना आणि सिस्टरांना घेऊन बसलो. विचारले, "सर्पदंशाचा रुग्ण आला की तुम्ही नेमके कुठे अडता?" सापांचे वर्गीकरण कोणाच्याच तोंडी आले नाही. अडण्याच्या जागा मोजक्या निघाल्या. खूण नसताना शंका घ्यायची का? रक्त गोठण्याची चाचणी नीट कशी करायची? प्रतिविष कधी सुरू करायचे, लहान मुलाला किती? रिॲक्शन आली तर पहिल्या मिनिटात काय? आणि पुढे कधी पाठवायचे, काय करून पाठवायचे?

एवढ्याच पाच जागा. त्यांचेच पाच धडे झाले. प्रत्येक धडा रुग्णापासून सुरू होतो, सापापासून नाही. "रात्रीचे दोन वाजलेत. बावीस वर्षांचा शेतमजूर, घसा दुखतो म्हणतो. काय विचाराल?" डॉक्टर उत्तर निवडतो आणि रुग्ण त्याप्रमाणे पुढे जातो. चुकला तर लाल फुली येऊन विषय संपत नाही. त्या चुकीनंतर अर्ध्या तासात रुग्णाचे काय होते ते दिसते आणि त्याला मागे जाऊन पुन्हा ठरवता येते. चूक पडद्यावर व्हावी, खाटेवर होऊ नये, हाच तर ऑनलाइनचा खरा फायदा आहे. मी पहिल्या खेपेला तो वापरलाच नव्हता.

लहान मुलांच्या मात्रेचेच घ्या. बाकी सगळी औषधे आम्ही मुलांना वजनाप्रमाणे कमी करून देतो. प्रतिविषाचे तसे नाही. साप मूल पाहून कमी विष सोडत नाही. म्हणून मुलालाही मोठ्या माणसाइतकेच, म्हणजे आपल्याकडच्या प्रमाण पद्धतीनुसार सुरुवातीला साधारण १० कुप्या. हे वाक्य व्याख्यानात शंभरदा सांगितले तरी सवय आड येते. पण पडद्यावर आठ वर्षांच्या मुलाला स्वतः तीन कुप्या देऊन, त्याचे पुढे काय होते ते एकदा पाहिले की, डॉक्टर सहसा विसरत नाही.

मग पुनरावृत्ती. कोर्स संपल्यावर आठवड्याने एक प्रश्न व्हॉट्सॲपवर. मग महिन्याने. मग पेरणीच्या तोंडावर, म्हणजे साप बाहेर पडण्याच्या आणि आमच्याकडे गर्दी होण्याच्या आधी. उत्तराला एक मिनिट लागते. त्यासाठी नवे ॲप नको, नवे बजेट नको. एबिंगहाउस साहेबांना व्हॉट्सॲप मिळाले असते, तर त्यांनी हेच केले असते.

काचेची नळी

एक धडा मात्र पडद्यावर होईना. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला फार साधी चाचणी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलीलिटर ताजे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करून पाहायची. यंत्र नको, वीज नको. पण नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही आणि नको त्याला प्रतिविष दिले जाते. मधेच हलवून पाहिले तरी घोटाळा. हे सगळे व्हिडिओत दाखवता येते. पण हाताला शिकवायला हातच लागतो. म्हणून त्यासाठी मासिक बैठकीतला अर्धा तास मागून घेतला. प्रत्येकाने स्वतः नळी लावायची, वीस मिनिटे थांबायचे, दुसऱ्याने यादी हातात घेऊन बघायचे.

त्या अर्ध्या तासात एक वेगळीच गोष्ट बाहेर आली. एका सिस्टरांनी विचारले, "सर, काचेची नळी आणायची कुठून? आमच्याकडे सगळ्या प्लास्टिकच्याच येतात." मी गप्प बसलो. पहिल्या कोर्समध्ये मी 'काचेची नळी' हे शब्द ठळक अक्षरांत टाकले होते. लोकांना ते ठाऊक होते. त्यांच्याकडे नळी नव्हती. भांडारातली कमतरता कोर्सने भरून निघत नाही. पण आपल्याकडे काही बिघडले की पहिला उपाय ठरलेला असतो: प्रशिक्षण घ्या. नळी विकत घेण्यापेक्षा कोर्स पाठवणे सोपे असते, आणि चूक पुन्हा डॉक्टरच्या माथी मारता येते, 'अहो, तुम्हाला तर शिकवले होते.' उद्दिष्टात 'कोणत्या परिस्थितीत' हे लिहायचे ते याचसाठी. ते लिहिताना परिस्थिती बघावी लागते.

मोजतो काय?

प्रशिक्षणाची परिणामकारकता कशी तपासायची, याच्या चार पातळ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडल्या. लोकांना प्रशिक्षण आवडले का, ते काय शिकले, कामावर परत गेल्यावर वागणे बदलले का, आणि त्यामुळे शेवटी काही साधले का. आपले सरकारी अहवाल पहिल्या पातळीपर्यंतही पोहोचत नाहीत. त्यांत असते: इतके जण नोंदले, इतक्यांनी पूर्ण केले, इतकी प्रमाणपत्रे दिली. उद्दिष्ट शंभर टक्के साध्य. खासगी आणि सरकारी सगळ्याच डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत क्रेडिट गुण जमवावे लागतात. कल्पना चांगली आहे. पण क्रेडिट मिळते ते बसलेल्या तासांचे, शिकलेल्या गोष्टीचे नाही. मग तास विकले आणि घेतले जातात.

यात पणाला काय लागले आहे, तेही सांगतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज मांडला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली. जागतिक आरोग्य संघटनेने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे ठरवले, आणि आपल्या केंद्र सरकारनेही २०२४ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. हा आराखडा शेवटी रात्री दोन वाजता एका आरोग्य केंद्रातला एक डॉक्टर आणि एक सिस्टर अमलात आणणार आहेत. त्यांना आपण काय आणि कसे शिकवतो, हा म्हणूनच हौसेचा प्रश्न नाही.

यावर मला दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला: "असा कोर्स करायला वेळ आणि पैसा लागतो." लागतो. पाऊण तासाचा व्हिडिओ पाऊण तासात होतो. रुग्णावर बेतलेला सहा मिनिटांचा धडा करायला आठवडा जातो. पण हजारो डॉक्टर जो कोर्स पाहणार, त्यावर एका माणसाचे चार आठवडे खर्च करणे महाग, आणि हजारो डॉक्टरांचे सहा-सहा तास वाया घालवणे स्वस्त, हा कोणता हिशेब? दुसरा आक्षेप: "डॉक्टरांना मूळ शास्त्र कळायला नको का? नुसत्या पायऱ्या शिकवून यंत्रे बनवायची का?" हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. शास्त्र हवेच. पण ते निर्णयाच्या पाठीशी उभे असावे, निर्णयाच्या वाटेत आडवे नसावे. पापणी का मिटते हे समजावून सांगितले, तर डॉक्टर पापणी बघायला विसरत नाही. तेवढे शास्त्र नव्या कोर्समध्ये आहे. बाकीचे ज्याला हवे त्याच्यासाठी शेवटी ठेवले आहे, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे काही जण ते आवडीने वाचतात.

माझे मागणे फार मोठे नाही. कोणताही सरकारी ऑनलाइन कोर्स मंजूर करताना तीन कागद मागावेत. पहिल्यावर, हा कोर्स केल्यावर माणूस कामावर काय वेगळे करेल, हे दिसणाऱ्या क्रियापदांत लिहिलेले. दुसऱ्यावर, ते तो करू शकतो हे कशावरून ठरवणार, ते. तिसऱ्यावर, तीन महिन्यांनी पुन्हा कधी आणि कसे विचारणार, ते. हे कागद भरता येत नसतील, तर कोर्स अजून तयार नाही.

वाचकांसाठीही हीच फूटपट्टी आहे. आज घरोघरी कोणी ना कोणी ऑनलाइन काही शिकते आहे. मुलांचे क्लास, नोकरीसाठीचे कोर्स, मधुमेहाच्या आहाराचे वर्ग. पैसे भरण्याआधी विचारा: शेवटी मला काय करता येईल? मला स्वतः करून बघायला आणि चुकायला जागा आहे का? माझी चूक कोणी दाखवून देईल का? 'किती तासांचा व्हिडिओ' आणि 'प्रमाणपत्र मिळेल का' हे प्रश्न त्यानंतरचे.

आणि याच फूटपट्टीने सर्पदंशाची तुमची तयारीही तपासा. चार विषारी सापांची चित्रे ओळखता आली नाहीत तरी चालेल. हे करता येते का? साप मारायला किंवा शोधायला वेळ घालवायचा नाही. करकचून बांधायचे नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण काढायचे. हात किंवा पाय मोडल्यावर ठेवतो तसा स्थिर ठेवायचा, रुग्णाला चालवायचे नाही, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या वाहनाने थेट दवाखाना गाठायचा. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले माणूस मध्यरात्री पोटदुखीने उठले, तर डॉक्टरांना 'हे जमिनीवर झोपले होते' एवढे आवर्जून सांगायचे. आता वर्तमानपत्र मिटा आणि यातले किती आठवते ते घरच्यांना सांगून बघा. रविवारी पुन्हा एकदा सांगा.

पुढच्या पावसाळ्यात त्याच तरुण डॉक्टरचा मला रात्री फोन आला. "सर, पोटदुखी आहे, खूण नाही, जमिनीवर झोपला होता. पापण्या जड होताहेत. प्रतिविष लावलंय, ॲड्रेनलिन भरून ठेवलंय, १०८ निघालीय." मी म्हटले, "अरे, मग मला कशाला फोन केलास?" तो म्हणाला, "खाट तयार ठेवा, एवढंच सांगायला."

एका फोनवरून कोर्स यशस्वी झाला असे मी म्हणणार नाही. त्यासाठी सगळ्या केंद्रांची नोंदवही काही वर्षे तपासावी लागेल आणि ते काम आम्ही सुरू केले आहे. पण त्या रात्री खाट तयार होती, आणि रुग्ण स्वतः श्वास घेत आला.